शब्दवेध : दरोडेखोर
सर्जियो लिओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ १९६४ साली प्रदर्शित झाला, आणि स्पेनमधील अल्मेरियाच्या ओसाड माळांवर अमेरिकी पश्चिमेचे सोंग उभारणाऱ्या इटालियन चित्रपटांची जी लाट त्यामागून उसळली, तिला टीकाकारांनी उपहासाने ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ म्हटले, जपान्यांनी ‘मॅकारोनी’ म्हटले, आणि रामनगरच्या खडकांत चित्रित झालेल्या आमच्या ‘शोले’च्या (१९७५) वाट्याला ‘करी’ आली. सारांश, बंदुकीच्या कथेचे बारसे सर्वत्र मुदपाकखान्यातच झाले.

बालाघाटात, म्हणजे १९५६पर्यंत नागपूरच्या अमलाखाली असलेल्या या मुलखात, ‘शोले’तला गब्बर हिंदीत डाकू, तर मराठीत दरोडेखोर. आणि गंमत अशी, की या शब्दाचे शेपूटही खाण्याचेच आहे, कारण ‘खोर’ हा प्रत्यय खाणे या अर्थाच्या फारसी ‘खुर्दन’ धातूचा. लाचखोर लाच खातो, हे उघड आहे. परंतु दरोडा घालतात, खात नाहीत. मराठीच्या तोंडी तो प्रत्यय रुळता रुळता त्यातला घास गेला आणि निव्वळ खोड उरली, म्हणून तर भांडखोर, बंडखोर हे शब्द निर्वेधपणे सिद्ध झाले.

१८६०च्या दंडविधानाने दरोड्यास किमान पाच असामी आवश्यक ठरविले. तेव्हा लिओनेच्या त्या चित्रपटातील अबोल, एकट्या बंदूकधाऱ्यास दरोडेखोर म्हणणे कायद्याने अशक्य. त्यास आपला ‘एकांडा शिलेदार’च शोभतो, आणि त्यातला शिलेदारही फारसीच.