तकली ते टॅब : गुरुजींच्या हातात काय दिलं आणि रजिस्टरात काय मागितलं

मागच्या आठवड्यात बातमीच्या निमित्तानं आपल्याच जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. सकाळची वेळ. पोरं ओळीत बसलेली आणि गुरुजी दारात उभे, मोबाइल धरलेला हात उंच करून. मला वाटलं फोटो काढताहेत. जवळ गेलो तर म्हणाले, "रेंज पाहून राहिलो भाऊ. हजेरी वर जात नाही."

दहा-बारा मिनिटं त्यात गेली. मग खिचडीची नोंद. मग केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर कसलीशी लिंक आली, 'आजच भरावी' म्हणून. ते सगळं उरकल्यावर गुरुजींनी तोच मोबाइल भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. टीव्ही गावानं लोकवर्गणीतून घेतलेला. पडद्यावर गुरुजींनी स्वतः तयार केलेला व्हिडिओ सुरू झाला : गावातलीच विहीर, गावातलाच बैलबाजार, त्यात बेरीज-वजाबाकी. पोट्टे असे रंगले की मी आलोय हे विसरले.

फोन एकच, माणूस एकच. सकाळी त्या फोननं गुरुजींना कारकून केलं आणि तासाभरानं त्याच फोननं त्यांना खरा शिक्षक केलं.

परत येताना सेवाग्रामच्या रस्त्याला लागलो आणि मनात आलं, राजेहो, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा कुठे आहे? इथे तो 1937 सालीच उभा राहिला होता. तेव्हा मास्तरच्या हातात मोबाइल नव्हता, तकली होती.

गोष्ट थोडी मागून सांगतो.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937. वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात (पुढचं नवभारत विद्यालय) शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. काँग्रेसची सत्ता आलेल्या सात प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांना बोलावणं होतं. विनोबा, काका कालेलकर, डॉ. झाकिर हुसेन, जे. सी. कुमारप्पा, प्रा. के. टी. शाह अशी मंडळी हजर. दोन दिवसांत चार ठराव झाले. देशभर सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, सगळं शिकवणं एखाद्या उत्पादक हातकामाभोवती गुंफणं, हे पहिले तीन. चौथा ठराव मात्र आपण सहसा विसरतो. या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा, अशी अपेक्षा त्यात होती. म्हणजे पोरांनी सूत काढायचं आणि त्या सुतातून मास्तरचं पोट भरायचं.

गांधीजींची अडचण समजून घेतली पाहिजे. त्या काळी प्रांतांना मोठं उत्पन्न दारूच्या करातून यायचं आणि शाळाही त्यावरच चालायच्या. दारूबंदी करायची तर शाळांना पैसा कुठून आणायचा? त्यातून हा विचार पुढे आला. पण परिषदेतच प्रा. शाह यांनी त्याला विरोध केला.

नंतर झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यात विनोबा, कालेलकर, कुमारप्पा, किशोरलाल मश्रुवाला, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आपल्या वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू, आर्यनायकम आणि आशादेवी होते आणि विरोध करणारे शाहही होते. विरोधकाला समितीत घ्यायची तेव्हा रीत होती! डिसेंबर 1937 मध्ये अहवाल आला आणि फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुरा काँग्रेसनं योजना उचलून धरली. हीच आपली 'वर्धा योजना', म्हणजेच नई तालीम. मग हिंदुस्थानी तालीमी संघ निघाला आणि सेवाग्राम त्याचं घर झालं.

त्या अहवालातलं वेळापत्रक आजही वाचण्यासारखं आहे. रोजची शाळा साडेपाच तासांची. त्यातले 3 तास 20 मिनिटं मूलोद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून 40 मिनिटं. मातृभाषेला 40. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान 30. व्यायाम 10, सुट्टी 10.

पहिल्या नजरेत वाटतं, अरे, मग शिकवायचं कधी? इथेच खरी मेख होती. शिकवणं त्या 3 तास 20 मिनिटांतच होतं. याला म्हणायचे समवाय. पोरगं तकलीवर सूत काढतं. एक तार चार फुटांची. 160 तारांची एक लटी. मग एका लटीत किती फूट? तुझी एक लटी आणि मंगलची पाऊण, तर फरक किती तारांचा? गणित झालं. हा कापूस कुठला? हिंगणघाटचा. मग काळी माती, पाऊस, बोंडअळी. आपला कापूस रेल्वेनं मुंबईला आणि तिथून विलायतेला का जायचा? भूगोल झाला, इतिहास झाला आणि राजकारणही झालं. तकली हे त्या काळचं तंत्रज्ञानच होतं. स्वस्त, खिशात मावणारं, वीज न लागणारं.

आता विचार करा, या पद्धतीत मास्तरचं काय झालं. तोवरचा मास्तर म्हणजे पुस्तक वाचून दाखवणारा, पाढे घोकून घेणारा आणि तपासणीला साहेब आला की पोरांना उभं करणारा. आता त्याला हातानं काम यायला हवं, त्या कामातून प्रश्न काढता यायला हवा आणि उद्याचा धडा कुठला ते आज पोरांच्या हाताकडे पाहून ठरवता यायला हवं. पुस्तक सांगेल तेवढं सांगणाऱ्या माणसाला स्वतःचं डोकं वापरायची ही मुभा होती, तशी सक्तीही होती. समितीला हे कळत होतं. म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा पूर्ण अभ्यासक्रम तिनं तीन वर्षांचा सुचवला आणि पगार जमल्यास महिना 25 रुपये, पण 20 च्या खाली नाही, असं धरलं.

हा विचार महाराष्ट्राला अगदीच नवा नव्हता. 1882 मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यातही मास्तर शक्यतो शेतकरी घरातला असावा, प्रसंगी नांगर धरणारा किंवा सुताराचं हत्यार चालवणारा असावा, आणि त्याला पगार धड असावा, हे मागणं होतं. पगार 12 रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात 15 ते 20 हवा, असं त्यांनी आकड्यानिशी सांगितलं. फुले आणि झाकिर हुसेन समिती, दोघांनाही एक गोष्ट दिसली होती. शिक्षकाचं काम बदलायचं असेल तर त्याचं शिक्षण आणि त्याचा पगार आधी बदलावा लागतो. हत्यार नंतर येतं.

मग माशी शिंकली कुठं?

समितीनं ती आधीच हेरली होती. अहवालात स्पष्ट इशारा आहे की पैशाच्या बाजूवर जोर दिला गेला तर शिक्षक पोरांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यात सगळी शक्ती घालवतील आणि शिकवणं बाजूला राहील. सोप्या भाषेत, ज्या दिवशी साहेब 'पोरगं काय शिकलं' हे न विचारता 'सूत किती निघालं' हे विचारील, त्या दिवशी मास्तर मुकादम होईल.

पुढं बऱ्याच ठिकाणी तसंच झालं. प्रत्येक इयत्तेला सुताचा वेग ठरलेला, नोंदी ठरलेल्या. सूत मोजता येतं, वजन करता येतं, वहीत चढवता येतं. 'मंगलनं आज स्वतःहून प्रश्न विचारला' हे कुठल्या रकान्यात लिहायचं? स्वातंत्र्यानंतर सरकारनं बुनियादी शिक्षण धोरण म्हणून स्वीकारलं, शाळांच्या पाट्या बदलल्या. पण तीन वर्षांचं प्रशिक्षण ना सगळ्यांना मिळालं, ना कच्चा माल वेळेवर. मास्तर सकाळी तकली फिरवून घ्यायचा आणि दुपारी जुनंच पुस्तक घोकून घ्यायचा. समवाय कागदावर राहिला. पालकही शहाणे, त्यांनी पाहिलं की नोकरी परीक्षेवर मिळते आणि साहेबाचं पोरगं काही तकली फिरवत नाही. शेतात राबणाऱ्या बापाला शाळेतही पोरानं राबावं हे पटलं नाही. त्याला दोष देता येत नाही.

सेवाग्रामात मात्र वेगळं चित्र होतं. आर्यनायकम सिलोनचे, आशादेवी बंगालच्या, दोघं शांतिनिकेतनातून आलेले. 1944 मध्ये देवीप्रसाद आले, तेही शांतिनिकेतनचेच, चित्रकार आणि कुंभारकाम करणारे. पोरांच्या चित्रांना हात न लावता त्यांना रंग द्यायचे, माती द्यायची आणि पाहत राहायचं, असं काम त्यांनी इथं वर्षानुवर्षं केलं. मुलांच्या कलेवर पुढं त्यांनी पुस्तकही लिहिलं. उत्पादनाच्या हिशेबासाठी ओळखल्या जाणाऱ्या योजनेच्या मुख्य केंद्रात असा एक वर्ग चालत होता जिथं उत्पादनाचा हिशेबच नव्हता! फरक तकलीत नव्हता, तकली तर गावोगावी तीच होती. सेवाग्रामच्या शिक्षकाला स्वतः ठरवायची मोकळीक होती, एवढाच फरक.

1964-66 च्या कोठारी आयोगानं 'कार्यानुभव' हा शब्द आणला. माझ्या पिढीला तो आठवत असेल. आमच्या शाळेत कार्यानुभवाचा तास म्हणजे मैदानातले गोटे वेचणं, नाहीतर परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजारातून आणलेलं कागदी फूल.

मग 1986 च्या धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. आमच्याही शाळेत साहित्याची पेटी आली. पृथ्वीचा गोल, नकाशे, विज्ञानाचं साहित्य. मी चौथी पास होईपर्यंत तो गोल कपाटाच्या काचेतूनच पाहिला. गुरुजी वाईट नव्हते. पण वस्तू डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेली, फुटली तर भरपाई त्यांच्या पगारातून. पोरांना पृथ्वी फिरवू द्यायची की नोकरी सांभाळायची? त्यांनी कपाटाला कुलूप लावलं. साहित्य शाळेत आलं होतं, भरवसा आला नव्हता.

पुण्यात 1984 मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली. शाळांसाठी मराठीत कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था. 2017 मध्ये ती बंद केली. तीनच वर्षांनी कोरोनात शाळांना कुलूप लागलं आणि सगळे विचारू लागले, टीव्हीवरून मराठीत कसं शिकवायचं?

त्याआधी 2015 च्या सुमारास डिजिटल शाळांची लाट आली होती. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पाष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड गुरुजींनी लोकवर्गणीतून सुरुवात केली, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढं ते राज्याच्या पुस्तकांत आले आणि 2020 मध्ये डिसले गुरुजींना 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. कोरोनाच्या काळात सोलापूरच्या नीलमनगर भागात ज्या पोरांकडे मोबाइल नव्हता त्यांच्यासाठी शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. भिंत हीच पाटी.

यातलं एकही काम वरून आलेल्या आदेशानं सुरू झालेलं नाही. आधी शिक्षकाला समोरच्या पोराची अडचण दिसली आणि मग त्यानं हाताशी होतं ते साधन उचललं.

आणि त्याच वर्षांत वरून काय आलं? सरल, यू-डायस, शालार्थ, पोषण आहाराचं ॲप. 2023 च्या अखेरीस हजेरीसाठी चॅटबॉट. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नका. पण मोबाइलवरची नोंद कायद्याच्या भाषेत 'काम' वाटतच नाही. दोनच मिनिटांचं तर आहे, असं प्रत्येक साहेबाला वाटतं. अशी दोन-दोन मिनिटं किती साहेबांची होतात, ते त्या दारात उभ्या गुरुजींना विचारा.

आकडे नकोच, असं मी म्हणत नाही. पोरगं शाळेत येतं का, त्याला जेवण मिळतं का, हे सरकारला कळलंच पाहिजे. खोट्या पटाच्या बातम्या मी स्वतः केल्या आहेत. पण नोंद करायला वेगळा माणूस द्या. दोन शिक्षकी शाळेत हजेरी, खिचडी, बांधकाम आणि चार वर्ग एकाच माणसाच्या गळ्यात टाकून वर त्याच्याकडून सर्जनशीलता मागायची, हा न्याय नव्हे.

आता म्हणतात एआय येतंय, ते शिकवेल. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना हातकाम शिकायचंही आहे. म्हणजे एका हाताला टॅब, दुसऱ्या हाताला पुन्हा तकली! दोन्ही येऊ देत. 2005 मध्ये सेवाग्रामात नई तालीमच्या जागेवर आनंद निकेतन शाळा पुन्हा सुरू झाली. तिथं पोरं शेती करतात, स्वयंपाक करतात, सूतही काढतात आणि त्यातून शिकतात. म्हणजे 1937 ची कल्पना जुनी झालेली नाही. पण तिच्या पोटातला धोकाही जुना झालेला नाही. तेव्हा सूत मोजलं, आज क्लिक मोजतोय.

म्हणून एकच विनंती. गावोगावी शाळेला टीव्ही-टॅब देण्याची चढाओढ लागली आहे, द्या जरूर. पण तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत असाल, आणि तिच्यात बहुसंख्य सदस्य पालकच असतात, तर पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा. गुरुजी, रोज किती वेळ फोन आमच्या पोरांसाठी वापरता आणि किती वेळ साहेबांसाठी? आणि हा टॅब पोराच्या हातून फुटला तर भरपाई कोण देणार?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'गुरुजी' असेल, तर टॅबही कपाटातच जाईल. आमच्या पृथ्वीच्या गोलाशेजारी.

शिक्षक मित्रांनो, तुमचा अनुभव खाली लिहा. नाव नको असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा, नाव येणार नाही.