अखिल भारत ग्रामोद्योग संघ, वर्धा : यंत्रनियमनाची मागणी

अखिल भारत ग्रामोद्योग संघ : खेड्यातला रोजगार आणि अन्नातला कस हिरावून घेणाऱ्या यंत्रांना मर्यादा घालाव्यात, यासाठी वर्ध्यातून काम केलेली संस्था. स्थापना १४ डिसेंबर १९३४. मुख्यालय मगनवाडी, वर्धा. संघटक-चिटणीस जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा (१८९२–१९६०), पहिले अध्यक्ष वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू, मार्गदर्शक महात्मा गांधी. कृत्रिम बुद्धिमत्तेवर कायद्याचा अंकुश हवा म्हणून आज देशोदेशी जे गट झटत आहेत, त्यांच्या मागण्यांना भारतात सर्वांत जवळचा पूर्वानुभव शोधायचा तर तो या संघाच्या कामात सापडतो. दोहोंमध्ये थेट वारसा नाही. मात्र नवे यंत्र समाजात येताना त्याची झडती कोणी घ्यायची, त्याच्यामुळे होणारे नुकसान कोणी सोसायचे आणि त्याने केलेली नक्कल ओळखायची कशी, हे तिन्ही प्रश्न मगनवाडीत मांडले गेले आणि त्यांतले दोन पुढे भारतीय कायद्यातही उतरले.

संघाची आठवण आता बैलघाणी, हातकागद, मधमाश्यापालन आणि गूळ यांच्यापाशी थांबते. सरकारला धारेवर धरणारी, आहारशास्त्राचे पुरावे गोळा करणारी, कायद्याची मागणी करणारी संस्था म्हणून तिची ओळख मागे पडली. प्रस्तुत नोंद मुख्यतः या दुसऱ्या बाजूची आहे.

ऑक्टोबर १९३४मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात संघाच्या स्थापनेचा ठराव झाला. संघ काँग्रेसच्या कार्याचा भाग असावा, पण तिच्या राजकारणापासून स्वतंत्र राहावा, असे त्यात स्पष्ट होते. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली आपली बाग आणि तिथली इमारत दिली. गांधीजींचे सहकारी, १९२८मध्ये वारलेल्या मगनलाल गांधींच्या नावावरून जागेला मगनवाडी म्हणू लागले. एप्रिल १९३६अखेर सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला जाईपर्यंत गांधीजींचा मुक्काम तिथेच होता. सल्लागारांत रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि चंद्रशेखर व्यंकट रामन होते. यांतली तीन शास्त्रज्ञांची नावे पाहिली तर संघ विज्ञानाकडे पाठ फिरवून उभा होता, हा समज टिकत नाही. कुमारप्पा स्वतः लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहार अभ्यासलेले. कारखान्याच्या ताळेबंदात जो खर्च दिसत नाही तो कुठल्या घरावर पडतो, हे शोधण्याची त्यांना सवय होती आणि संघाच्या सगळ्या युक्तिवादांत ती दिसते.

यंत्राबद्दलची गांधीजींची भूमिका संघापूर्वीच घडत आली होती. १९२४मध्ये दिल्लीत झालेल्या एका संभाषणात त्यांनी सांगितले की त्यांचा आक्षेप यंत्राच्या हव्यासाला आहे. शिवणयंत्र हा त्यांनी मान्य केलेला अपवाद. अशी यंत्रे बनवणारे कारखाने नफ्यासाठी न चालता राष्ट्राच्या मालकीचे असावेत, हेही त्यांनी जोडले. १९२९मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी मुळातून पाहण्यासारख्या आहेत : किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नको, खेड्यातल्या बाईला न थकता आठ तास चालवता यावा, बनावट भारतीय हवी, नीट वापरल्यास वीस वर्षे टिकावा, वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नये. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण तंत्रज्ञान तयार होण्यापूर्वीच ते कोणासाठी, कोणाच्या ताकदीने आणि किती खर्चात चालेल याच्या अटी लेखी घालण्याचा भारतातला हा एक ठळक प्रयत्न होता.

संघाची पहिली मोठी लढाई तांदळाची. भातगिरणीतून निघणारा पांढराशुभ्र तांदूळ दिसायला देखणा, पण कोंड्याबरोबर त्यातले जीवनसत्त्व जाते आणि बेरीबेरीसारखा रोग होतो, हे कुन्नूर येथील पोषणसंशोधनातून पुढे आले होते. रॉबर्ट मॅकॅरिसन आणि त्यांच्यानंतर तिथे काम करणारे ॲक्रॉइड यांचे निष्कर्ष गांधीजींच्या ‘हरिजन’मधून सामान्य वाचकांपर्यंत गेले. दुसरा मुद्दा मजुरीचा. भात सडणे हे खेड्यातल्या गरीब बायकांचे हक्काचे काम. गिरणी एका दिवसात त्यांचे महिन्यांचे काम उरकी आणि त्यांच्या हाती पर्यायी काम काहीच नसे. माणसे कमी आणि काम जास्त असेल तिथे यंत्र उपकारक. हात रिकामे असलेल्या देशात तेच यंत्र अपाय करते, हे गांधीजींचे सूत्र इथे अगदी नेमके लागू पडत होते. आरोग्य आणि रोजगार ही दोन्ही कारणे एकत्र मांडल्यामुळे संघाची मागणी नुसत्या भावनेची राहिली नाही.

दुसरी लढाई वनस्पती तुपाची. तेलात हायड्रोजन मिसळून गोठवलेले ‘डालडा’ १९३७मध्ये बाजारात आले. रंगरूपाने ते तुपासारखे, भावाने स्वस्त. तुपात भेसळीसाठी याहून सोयीची वस्तू दुसरी नव्हती. गांधीजींनी आणि कुमारप्पांनी त्याविरुद्ध कडाडून लिहिले. वनस्पतीवर बंदी घाला, नाहीतर निदान त्याला वेगळा रंग द्या म्हणजे नक्कल डोळ्यांना दिसेल, ही मागणी देशभर उठली आणि स्वातंत्र्यानंतर संसदेपर्यंत पोहोचली. निरुपद्रवी आणि सहज काढून न टाकता येणारा रंग मिळत नाही, असे कारण पुढे करून रंगाचा प्रश्न रेंगाळत ठेवला गेला. बंदीही आली नाही. हाती लागला तो एक मधला मार्ग : वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे बंधनकारक झाले, कारण तिळाचे तेल बोडवँ चाचणीत लाल रंग देते आणि तुपातली भेसळ प्रयोगशाळेत पकडता येते. ग्राहकाच्या डोळ्यांना मात्र ती दिसत नाही. खूण ग्राहकाला दिसेल अशी हवी होती, मिळाली ती निरीक्षकापुरती. या तडजोडीत उद्योगाचा विजय किती आणि जनतेचा किती, हे वाचकाने तपासावे.

राज्यकारभारात शिरूनही संघाने प्रयत्न केले. १९३८मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती बसली. कुमारप्पा तिच्यात गेले आणि काही महिन्यांत बाहेर पडले, कारण मोठ्या उद्योगांची चौकट आधीच गृहीत धरली जात होती. त्याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक पाहणी समिती नेमली. शेकडो गावांत जाऊन माणसांच्या उत्पन्नाचे आणि धंद्यांचे आकडे गोळा केलेला तिचा अहवाल म्हणजे नियमनाची मागणी करणाऱ्याने आधी पुरावा कसा जमवावा याचा नमुना आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगनवाडीत ग्रामोद्योगांचे मगन संग्रहालय उघडले. मोठ्या उद्योगांची चौकट नाकारली, तरी रेल्वे, वीजनिर्मिती अशा केंद्रित उद्योगांना कुमारप्पांचा विरोध नव्हता. ते लोकांच्या नियंत्रणाखाली आणि नफ्याविना चालावेत, एवढी त्यांची अट होती.

या विचारावरचा सर्वांत भेदक आक्षेप महाराष्ट्रातूनच आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात गांधीवादी अर्थविचाराची चिकित्सा केली. यंत्रामुळेच कष्टकऱ्याला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणसाला संस्कृती नाही; यंत्रापासून जे अनिष्ट होते त्याचा दोष खासगी मालकी व नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेकडे जातो, अशी त्यांची मांडणी. घाणी तेल्याची आणि कातडे चांभाराचे अशी गावाची विभागणी असताना पारंपरिक धंदे टिकवणे म्हणजे जातीची कामे टिकवणे ठरू शकते, ही त्यामागची जखम खरी होती आणि संघाजवळ तिला पुरेसे उत्तर नव्हते. तरीही आंबेडकरांचा युक्तिवाद यंत्राला मोकाट सोडा असे सांगत नाही. तो बोट मालकीकडे दाखवतो, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत आज हाच धागा सर्वांत कमी उचलला जातो.

१९४८मध्ये सेवाग्रामला रचनात्मक कार्यकर्त्यांच्या संमेलनातून सर्व सेवा संघ उभा राहिला आणि पुढे ग्रामोद्योग संघ त्यात विलीन झाला. कुमारप्पा मगनवाडी सोडून वर्धा जिल्ह्यातच सेलडोहला आणि मग तमिळनाडूत कल्लुपट्टीला गेले. संघ संपला, पण मागणी कायद्यात आली. पुण्याचे अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्या १९५५च्या समितीने हातसडीला संरक्षण देण्याची बाजू घेतली, आणि १९५८मध्ये भातगिरणी उद्योग (नियमन) कायदा झाला. नवी गिरणी काढायची तर आधी सरकारी परवानगी, चालवायला वेगळा परवाना. परवानगी देण्यापूर्वी अधिकाऱ्याने तपासायच्या बाबींत त्या भागात गिरण्या किती, भात किती मिळतो, वीज-पाणी आहे का, यांबरोबर एक बाब अशी होती : या गिरणीमुळे त्या परिसरात मोठ्या प्रमाणावर बेकारी येईल काय? यंत्र बसवण्याआधी रोजगारावरील परिणामाची चौकशी कायद्याने सक्तीची करणारी ही तरतूद वर्ध्याच्या चळवळीची सर्वांत मोठी कमाई मानावी लागेल. अंमलबजावणीत तिचा धाक फारसा राहिला नाही, हातसडी आटतच गेली. उदारीकरणानंतर १९९७मध्ये कायदा रद्द झाला.

वर्ध्यात कामाचा धागा तुटला नाही. कुमारप्पांच्या तालमीत वाढलेले देवेंद्रकुमार यांनी १९७६मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. मगन संग्रहालय आजही उघडे आहे.

आजच्या नियमनवादी गटांचे चित्र विस्कळीत आहे. मार्च २०२३मध्ये अमेरिकेतील ‘फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट’ने सर्वांत शक्तिशाली प्रणालींचे प्रशिक्षण किमान सहा महिने थांबवा असे खुले पत्र काढले, त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये ‘पॉज एआय’ हा गट निघाला. त्याआधी, २०१३पासून ‘स्टॉप किलर रोबोट्स’ ही आघाडी स्वयंचलित शस्त्रांवर बंदी मागत आहे. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. भारतात दिल्लीच्या ‘इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन’ने ‘प्रोजेक्ट पॅनॉप्टिक’मधून सरकारी चेहरा-ओळख यंत्रणांची नोंद ठेवायला घेतली, तर बंगळूरच्या ‘आयटी फॉर चेंज’ने विदा (डेटा) आणि मालकीचा प्रश्न लावून धरला. आधी पाहणी करून मग बोलण्याची ही रीत कुमारप्पांना ओळखीची वाटली असती.

वर्ध्याला हा विषय दूरचा नाही. शेजारच्या नागपुरात २०२४मध्ये राज्य पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी उभी राहिली. जून २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीसाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले. कापूस आणि सोयाबीन पिकवणारा वर्धा जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५मध्ये कृत्रिम आशयावर ठळक खूण सक्तीची करण्याचा मसुदा आणला : चित्रात किमान १० टक्के भाग, ध्वनीत सुरुवातीचा १० टक्के काळ. वनस्पतीला वेगळा रंग मागणाऱ्यांची मागणी नेमकी हीच होती, नक्कल लोकांना थेट कळली पाहिजे. नोव्हेंबर २०२५च्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र केंद्राने तूर्त स्वतंत्र कायद्याची गरज नाही अशी भूमिका घेतली.

खूण, खासगीपण आणि भेदभाव यांवर आजचे गट नेटाने बोलतात. रोजगाराबाबत त्यांची मागणी ढिली आहे. युरोपच्या कायद्यात नोकरभरतीसाठी वापरलेली प्रणाली जोखमीची ठरते, पण एखादी प्रणाली बसवल्याने त्या गावात, त्या कचेरीत किती जण बेकार होतील हे परवानगीआधी विचारणारे कलम त्यात नाही. भारतात ते १९५८ ते १९९७ या काळात होते, भातगिरणीपुरते. टंकलेखन, भाषांतर, हिशेब, ग्राहकसेवा या कामांवर पोट असलेल्या तरुणांसाठी त्याच धर्तीचे कलम मागायला आज कोणत्याही गटाला आडकाठी नाही, आणि १९५८च्या कायद्यातली ती तरतूद मसुद्यासाठी आयतीच हाताशी आहे.