दोन रुळांमधले अंतर

गोत्रीच्या आमच्या अंगणात डिस्नेलँडसारखी छोटी आगगाडी मांडावी, असा नातवाचा हट्ट आहे. बाजारात मिळणारे रूळ ४५ मिलिमीटर अंतराचे. एवढ्यावर काम भागेल असे वाटले होते; परंतु रुळांमधले अंतर म्हणजे गेज, आणि मूळ गाडी किती पटींनी लहान केली ते प्रमाण, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

खुद्द वॉल्ट डिस्नेने १९५० साली आपल्या घराच्या बागेत सव्वासात इंची रुळांवर एक-अष्टमांश प्रमाणाची गाडी चालविली. तिच्यावर माणसे घोड्यावर बसावे तशी बसत. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडले तेव्हा माणसे डब्याच्या आत बसणार होती. म्हणून तेथे रूळ तीन फुटी झाले.

बडोद्यालाही हे नवे नव्हते. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आमराईभोवती फिरणाऱ्या छोट्या गाडीतून राजघराण्यातील मुले शाळेत जात. १९५६ साली कमाटीबागेत दहा इंची रुळांची गाडी आली आणि ते सुख शहरातील सर्व मुलांना लाभले.

पण आपली खरी छोटी गाडी डभोईची. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, मियागाम–डभोई हा अडीच फुटी मार्ग सुरू झाला. आरंभी डबे बैल ओढीत, कारण ते हलके रूळ इंजिनाचा भार सोसणारे नव्हते. भक्कम रूळ घातल्यावर १८७३ पासून इंजिने नियमित धावू लागली. पुढे याच मापाच्या गाडीने आपल्या कितीतरी घरांतील माणसे अस्थी घेऊन चांदोदला नर्मदेकाठी गेली. २०२१ च्या जानेवारीत डभोई–चांदोद मार्ग ब्रॉडगेज होऊन खुला झाला. सोय झाली, ते माप मात्र त्या वाटेवरून गेले.

आता अंगणातील हिशेब. ४५ मिलिमीटर रुळांवर ब्रॉडगेजची प्रतिकृती करावी तर प्रमाण एकास सदतीस. साडेपाच फुटी माणूस पावणेदोन इंचांचा उरतो. डभोईची करावी तर एकास सतरा. तोच माणूस जवळजवळ चार इंचांचा होतो. रूळ तेच, पण खिडकीतले चेहरे ओळखू येतात. अरुंद रुळांच्या गाडीला वळणेही तीव्र शोभतात, आणि आमचे अंगण लहान आहे.

नातवाचा किल्ला आणि बोगदा राहील. स्थानकाच्या पाटीवर मात्र ‘डभोई’ लिहावयाचे ठरले आहे.