जमिनीशीं जवळीक : खालीं बसविलेल्या मोटारीची कहाणी

वाहन जमिनीपासून किती उंच असावें, हा प्रश्न मोटारीच्या जन्मापेक्षां पुष्कळ जुना आहे. युरोपांतील श्रीमंतांची जुनी बग्गी चामड्याच्या जाड पट्ट्यांवर टांगलेली असे. पुढचा व मागचा आंस यांना जोडणारा एक अवजड दांडा खालून जाई आणि त्याच्याहि वर प्रवाशांची पेटी झुलत राही. आंत शिरण्यास पायऱ्या लागत आणि वळणावर गाडी कलंडण्याचें भय मनांतून जात नसे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या ओबडाया इलियट नांवाच्या गाडी बांधणाऱ्या कारागिरानें पोलादी पात्यांच्या दोन कमानी समोरासमोर जोडून लंबवर्तुळाकार स्प्रिंग बनविली आणि ती सरळ आंस व पेटी यांच्यामध्यें बसविली. मधल्या दांड्याची गरज उरली नाहीं. गाडी हलकी झाली आणि जमिनीच्या जवळ आली. स्प्रिंगचा इतिहास बहुधा प्रवासाच्या सुखाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु वाहन खालीं आणण्याची ओढ त्या इतिहासांत आरंभापासूनच आहे.

या यंत्रामागचें शास्त्र इलियटच्याहि सव्वाशें वर्षें आधीं सिद्ध झालें होतें. स्प्रिंगवर भार जितका वाढवावा तितक्याच प्रमाणांत ती दबते, हा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. मोटारीच्या बैठकीचें बहुतेक गणित या एका वाक्यांत सांठलेलें आहे. गाडीच्या वजनानें जी स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबते, तिच्यावरची गाडी सेकंदाला सुमारें एकदां वरखालीं झुलते, आणि हा झोका शरीराला सुखाचा वाटतो. स्प्रिंग ताठ करून तेंच दबणें चौथ्या हिश्शावर आणलें, तर झोके दुप्पट जलद होतात आणि प्रवासी हैराण होतो. अर्थात् सुख हवें तर स्प्रिंग मऊ हवी, तिला दबण्यास जागा हवी, आणि जागा हवी तर गाडी उंच हवी. उलट वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर किती झुकतो, हें गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असतें. जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर असलेला गुरुत्वमध्य ३ सेंटिमीटर खालीं आणला, तर भाराचें हें सरकणें सुमारें साडेपांच टक्क्यांनीं घटतें. सुख आणि स्थैर्य यांच्यांतील हा तंटा अभियंत्यांनीं शंभर वर्षें चालविला आणि तो अद्यापि मिटलेला नाहीं.

पहिल्या मोटारी उंचच होत्या, कारण रस्ते वाईट होते. तरीहि १९०७ च्या सुमारास अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथील एका कारखान्यानें गाडीचा सांगाडा आंसांच्या वर न ठेवतां त्यांच्या खालीं टांगून ‘अमेरिकन अंडरस्लंग’ ही ठेंगणी मोटार बनविली. इटलींतील लान्सिया कारखान्यानें १९२२ सालीं ‘लाम्ब्दा’ गाडी दाखविली. तिच्यांत वेगळा सांगाडाच नव्हता, गाडीचें अंगच भार वाही, आणि पुढचें प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वरखालीं होई. १९३४ सालीं जनरल मोटर्सनें मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याच्या प्रयोगांच्या आधारें पुढच्या चाकांना स्वतंत्र हालचाल देणारी रचना अमेरिकेच्या बाजारांत आणली. हळूहळू पुढच्या पात्यांच्या कमानी जाऊन तेथें वेटोळ्यांची स्प्रिंग आली. कारखानदारांना यांतून मऊ बैठक साधावयाची होती. परंतु वेटोळ्याची स्प्रिंग करवतीनें कापतां येते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानीं नसली तरी दुसऱ्या कोणाच्या तरी ध्यानीं आली.

हे दुसरे कोणी म्हणजे कॅलिफोर्नियांतील तरुण. त्या प्रांतांत मोटारी खालीं आणणाऱ्यांचे दोन पंथ होते. एका पंथाला वेगाचें वेड होतें. कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर हे तरुण शर्यती लावीत, आणि १९३७ सालीं त्यांची वेळ मोजणारी संस्थाहि स्थापन झाली. दुसरा पंथ दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागांत वाढला. तो मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन तरुणांचा होता. १९४३ च्या जून महिन्यांत याच शहरांत, विशिष्ट धाटणीचे ढगळ पोषाख घालतात एवढ्यावरून या समाजाच्या मुलांना गणवेषधारी सैनिकांनीं रस्त्यांत गांठून मारलें होतें. रस्त्यावर आपण दिसावें कीं नाहीं, हाच ज्यांच्यापुढें प्रश्न होता, त्यांनीं दिसण्याचा एक निराळा मार्ग काढला. जुनी शेव्हरोले स्वस्तांत घ्यावी, तिला आरशासारखी चकाकी द्यावी, जमिनीला टेकेल इतकी खालीं बसवावी, आणि रविवारीं व्हिटियर बुलेव्हार्डवरून शक्य तितक्या सावकाश चालवावी. वेगाच्या देशांत मंदगति हीच त्यांची प्रतिष्ठा ठरली.

खालीं बसविण्याचे त्यांचे उपाय गरिबीचे होते. अगदीं सोपा उपाय म्हणजे मागच्या डिकींत वाळूचीं पोतीं भरणें. त्यापुढचा म्हणजे मागच्या कमानी व आंस यांच्यामध्यें लांकडी वा लोखंडी ठोकळा घालणें. तिसरा उपाय स्प्रिंगचें एखादें वेटोळें कापून टाकण्याचा. यांत एक चमत्कार आहे: आठ वेटोळ्यांच्या स्प्रिंगचें एक वेटोळें कापलें, तर ती कमजोर न होतां सुमारें चौदा टक्के अधिक ताठ होते, कारण उरलेल्या सात वेटोळ्यांना तेंच दबणें वांटून घ्यावें लागतें. चौथा उपाय सर्वांत घातक. स्प्रिंग गॅसच्या ज्योतीनें तापवावयाची आणि गाडीच्या वजनानें ती आपोआप खचूं द्यावयाची. तापल्यानें पोलादाचें पाणी उतरतें. मग ती स्प्रिंग कधीं खचेल वा कधीं मोडेल याचा भरंवसा राहत नाहीं.

या हौसेला कायद्यानें उत्तर दिलें. १ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियांत असा नियम अमलांत आला कीं, चाकें सोडून गाडीचा कोणताहि भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षां खालीं असतां कामा नये. नियमाला तांत्रिक अर्थ होता. टायर अकस्मात् फुटला तर गाडी रिमवर उतरते, आणि त्या वेळीं तिचें पोट रस्त्याला घासून ती बेताल होऊं शकते. परंतु नियमाचा दंडुका कोणाच्या पाठीवर पडतो, हाहि प्रश्न होता. पूर्व लॉस एंजेलिसच्या तरुणांना वाटे कीं, उंची मोजण्याच्या निमित्तानें पोलिस गाडी नव्हे तर चेहरा पाहून थांबवितात.

या पेंचांतून वाट काढली ती रॉन आगिरे नांवाच्या तरुणानें. १९५९ च्या सुमारास त्यानें आपल्या कॉर्व्हेट गाडींत विमानाच्या जुन्या सामानांतील तेलदाबाचे पंप बसविले. कळ दाबतांच गाडी जमिनीशीं टेके आणि पुन्हां कळ दाबतांच कायद्यानें ठरविलेल्या उंचीवर येई. पोलिस मोजावयास वांकेपर्यंत गाडी निर्दोष झालेली असे! १९५८ सालीं निघालेली शेव्हरोले इम्पाला या कामीं विशेष सोयीची ठरली. तिचा सांगाडा इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराचा असल्यानें दोहों बाजूंना लांब तुळया नव्हत्या.

पुढें हा छंद एका समाजाची ओळख बनला. १९७७ सालीं सॅन होझे येथें ‘लोरायडर’ मासिक निघालें. १९७९ सालीं व्हिटियर बुलेव्हार्ड या मिरवणुकींना बंद करण्यांत आला, आणि पुढच्या दशकांत अनेक शहरांनीं सावकाश फेऱ्या मारण्यावरच बंदी घातली. तथापि काळ पालटला. गुलाबांच्या चित्रांनीं रंगविलेली ‘जिप्सी रोझ’ नांवाची १९६४ ची इम्पाला २०१७ सालीं वॉशिंग्टनमध्यें राष्ट्राचा ठेवा म्हणून मांडण्यांत आली. ऑक्टोबर २०२३ मध्यें कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनें सही केलेल्या कायद्यानें उंचीचा तो नियम आणि अशा फेऱ्यांवर बंदी घालण्याचा शहरांचा अधिकार, दोन्ही १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाले. सहासष्ट वर्षांनीं वाद संपला.

कारागिरीचें क्षेत्रहि या काळांत बदललें. आतां करवत व ज्योत यांच्या जागीं मुद्दाम बनविलेल्या आंखूड स्प्रिंगा मिळतात. त्यांची निवड करतांना जुन्या चुकांतून निघालेले नियमच कामास येतात. गाडी जितकी खालीं यावी तितकी दबण्याची जागा कमी होते. म्हणून स्प्रिंग आंखूड असून भागत नाहीं, ती ताठहि असावी लागते, नाहींतर प्रत्येक खड्ड्यांत गाडी रबरी अडणीवर आदळते. मात्र ती इतकीहि आंखूड नसावी कीं, जॅकवर गाडी उचलतांच आपल्या बैठकींतून सुटेल. ताठ स्प्रिंगला तोलामोलाचे शॉक ॲब्सॉर्बर हवेत. जीर्ण शॉक ॲब्सॉर्बर तिचे झोके आवरूं शकत नाहींत. बसवितांना दबलेल्या स्प्रिंगमध्यें सांठलेली शक्ति विसरूं नये. योग्य शिकंजा न लावतां तिचा नट सोडणें म्हणजे ताणलेलें धनुष्य स्वतःच्या छातीशीं धरणें होय. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतांनाच शेवटचे आंवळावेत, नाहींतर रबर कायमचें पिळलेलें राहून लौकर फाटतें. शेवटीं चाकांचे कोन पुन्हां जुळवून घ्यावेत. कारण गाडी खालीं आली कीं बहुधा चाकांची डोकीं आंत झुकतात आणि टायरची आंतली कड झिजूं लागते.

इलियटची बग्गी आणि आगिरेची कॉर्व्हेट यांच्यामध्यें दीडशें वर्षांचें अंतर आहे. एकीनें प्रवाशाला पायऱ्यांवरून खालीं उतरविलें. दुसरीनें रस्त्यावर उपऱ्यासारखें वागविल्या गेलेल्या माणसाला त्याच रस्त्याच्या मधोमध ताठ मानेनें बसविलें. हूकचा नियम दोघींना सारखाच लागू होता. पोलादावर भार वाढला तर तें त्या प्रमाणांत दबतें, आणि भार दूर झाला कीं पुन्हां आपल्या मूळ उंचीवर येतें. माणसांचा एखादा समाजहि असा वर येऊं शकतो. फक्त त्याला सहासष्ट वर्षें लागतात.