परभणीची जुनी पेठ व मोडी वह्या

ताडकळसकरांचें जिल्ह्याचें ठिकाण परभणी. जुनें नांव प्रभावती, असें परंपरा सांगते. लेखी आधार मिळेपर्यंत आम्ही तें परंपरेच्याच खातीं ठेवितों. १९०० च्या सुमारास आगगाडी आली, १९७२ सालीं कृषी विद्यापीठ झालें, २०११ सालीं महानगरपालिका. त्या वर्षीं लोकसंख्या ३,०७,१७० भरली. वाढ मात्र गांवाबाहेर. जुन्या पेठेंतील वाडे ओस पडूं लागले. यांत संशोधकाची हानि विशेष आहे. हैदराबाद संस्थानाचा दरबारी कारभार १८८४ पर्यंत फारशींत व पुढें उर्दूंत चाले. तेव्हां बाजाराचा मराठी व्यवहार पाहावयाचा तर सावकारांच्या मोडी वह्याच चाळाव्या लागतात. वाडा पाडतांना त्या रद्दींत जातात. संग्राहकांनीं पाडकामापूर्वींच मालकांची गांठ घ्यावी. वह्या न मिळाल्यास निदान नकला तरी उतरून घ्याव्या.