लेडा आणि इस्मेनी: ऋतूंनी घडवलेले पंख

कोषातून बाहेर पडलेल्या फुलपाखराचे पंख एकदा वाळले की त्यांचा आकार आणि त्यांवरची नक्षी पुन्हा बदलत नाही. त्यामुळे पंखांवरून जात निश्चितपणे ओळखता येते, असे अठराव्या शतकातील वर्गीकरणकार मानत, आणि या समजुतीपायी काही जातींना दोन-दोन नावे मिळाली. युरोपातील एका फुलपाखराची वसंतातील नारिंगी पिढी लिनिअसने 'लेवाना' म्हणून, तर उन्हाळ्यातील काळी, पांढऱ्या पट्ट्याची पिढी 'प्रोर्सा' म्हणून स्वतंत्र नोंदवली. पुढे डॉर्फमाइस्टरने १८६४ मध्ये आणि वाइसमानने १८७५ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. उन्हाळी पिढीचे कोष थंडीत ठेवल्यास त्यांतून वसंतरूपाकडे झुकणारी फुलपाखरे निघतात, असे त्यांतून दिसले. दिवसाची लांबी हे खरे नियामक असल्याचे विसाव्या शतकात कळले: लहान होत जाणाऱ्या दिवसांत वाढलेल्या अळ्यांचे कोष हिवाळाभर सुप्त राहतात आणि त्यांतून लेवाना बाहेर पडते.

भारतात हाच गोंधळ भातावर आणि गवतावर वाढणाऱ्या, तिन्हीसांजेला उडणाऱ्या मेलानिटिस लेडा या तपकिरी फुलपाखराबाबत झाला. त्याच्या पावसाळी रूपाच्या पंखांखाली बारीक रेघांवर ठळक नेत्रबिंदूंची, म्हणजे डोळ्यासारख्या गोल ठिपक्यांची, रांग असते. कोरड्या ऋतूतील रूपात हे बिंदू जवळजवळ पुसले जातात, पुढच्या पंखाचे टोक कोयत्यासारखे बाकदार होते आणि खालची बाजू वाळक्या पानासारखी दिसते. तीही प्रत्येक फुलपाखरात निराळी, कारण पालापाचोळ्यातली दोन पाने तरी कुठे सारखी असतात? लिनिअसचे 'लेडा' (१७५८) आणि क्रॅमरचे 'इस्मेनी' (१७७५) ही दोन नावे दीर्घकाळ शेजारी-शेजारी चालत राहिली, ती यामुळे.

संग्रहालयाच्या पेटीत टाचून ठेवलेल्या नमुन्यांवरून हा प्रश्न सुटणे शक्यच नव्हते, कारण ज्या ऋतूने पंख घडवला तो ऋतू पेटीत येत नाही. त्यासाठी अळ्या पाळाव्या लागल्या. कलकत्त्यात लायोनेल द निसव्हिल याने तेथील तपकिरी फुलपाखरांच्या अळ्या वाढवून त्यांच्या ऋतुरूपांविषयीचे निष्कर्ष १८८६ मध्ये मांडले. पश्चिम किनाऱ्यावर, १८६२ पासून मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कानडा जिल्ह्यात, जेम्स डेव्हिडसन, वनखात्यातील टी. आर. बेल आणि मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या (१८८३) संस्थापकांपैकी एक असलेला ई. एच. एटकेन यांनी अंडी, अळ्या, कोष आणि खाद्यवनस्पती यांच्या नोंदी ठेवल्या आणि त्या संस्थेच्या नियतकालिकात १८९० च्या दशकात प्रसिद्ध केल्या. नोकरी सांभाळून केलेले हे काम भारतीय कीटकशास्त्रातील सर्वांत चिकाटीच्या कामांपैकी एक मानावे लागेल, कारण प्रत्येक जातीसाठी रोज ताजा पाला आणून अळीची वाढ दिवसेंदिवस पाहावी लागे.

पंखांतील या फरकाचा उड्डाणाशी आणि जगण्याच्या रीतीशी घनिष्ठ संबंध आहे. पावसाळ्यात गवत हिरवे असते, मीलन आणि अंडी घालणे वेगाने चालते, त्यामुळे फुलपाखराला हालचाल करावीच लागते; अशा वेळी पक्ष्याची किंवा सरड्याची झडप शरीराऐवजी पंखाच्या कडेवरील नेत्रबिंदूवर पडली, तर जीव वाचू शकतो. कोरड्या महिन्यांत अळ्यांना खाद्य मिळत नाही, म्हणून फुलपाखरू पाचोळ्यात निश्चल बसून राहते आणि अगदी जवळ कोणी आल्याखेरीज उडत नाही. लेडाच्या जवळच्या आफ्रिकी जातीवर, बायसायक्लस अनिनाना हिच्यावर, नेदरलँड्समधील लायडन येथे पॉल ब्रेकफील्ड यांनी प्रयोग केले. उष्ण तापमानात वाढलेल्या अळीपासून नेत्रबिंदूंचे, तर थंडाव्यात वाढलेल्या अळीपासून फिके रूप तयार होते, आणि कोषातील एक्डायसोन या संप्रेरकाची वाढ लवकर होते की उशिरा, यावर हा निर्णय अवलंबून असतो, असे त्यांतून दिसले. दोन्ही रूपांची जनुके तीच असतात. ऋतू त्यांतले एक रूप निवडतो.

कोकणात आणि सह्याद्रीत आज फुलपाखरांची छायाचित्रे टिपणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांनी प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, जागा आणि पंखाच्या खालच्या बाजूचे चित्र आवर्जून ठेवावे. ऋतुरूपांचा अभ्यास त्यावाचून होऊ शकत नाही.