खोली, घर आणि मधलं काहीतरी

वरळीच्या बीडीडी चाळींची एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. १९२० च्या दशकात त्या बांधल्या गेल्या तेव्हा तिथल्या कितीतरी खोल्या भाडेकरू न मिळाल्याने रिकाम्या पडून होत्या. मग १९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली, तुरुंग भरून गेले, आणि सरकारने यातल्याच काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. पुढे याच चाळींतून तीन-तीन, चार-चार पिढ्या वाढल्या. बारशी झाली, लग्नं झाली. आता त्या पाडायची वेळ आली, तर खोली रिकामी करताना माणसांचे डोळे भरून येतात.

भिंती त्याच, काँक्रीट तेच, माप तेच. आधी ती खोली कुणालाच नको होती, मग ती कोठडी झाली आणि मग घर. म्हणजे घर काही भिंतींत नव्हतं. मग ते आलं कुठून?

मला वाटतं, ते आलं नाकातून, कानातून आणि तळपायांतून. हे जरा विचित्र वाटेल, पण त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि शहर हादरलं. प्लेग कशाने पसरतो हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. घाण, कोंदट हवा, ओल, दुर्गंधी यांतूनच रोग जन्मतो असा समज डॉक्टरांतही पक्का होता. त्यामुळे सरकार अक्षरशः नाकाने घरं तपासू लागलं. गटारांतून कार्बोलिक ओतलं गेलं, भिंतींना चुना फासला गेला, ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं काढली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी खूण केली गेली. पुण्यात तर १८९७ मध्ये गोरे सोल्जर तपासणीसाठी थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्यामागच्या संतापाचं हे एक मोठं कारण होतं. घराचा उंबरठा ओलांडला गेला, हे लोकांना रोगाइतकंच झोंबलं होतं.

गंमत म्हणजे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग पसरतो तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे. वासाचा त्यात थेट दोष नव्हता. पण म्हणून सरकारचं सगळंच चुकलं असं नाही. त्या काळच्या कामगारवस्तीतल्या अंधाऱ्या, ओल्या, माणसांनी खच्चून भरलेल्या खोल्या खरोखरच वाईट होत्या.

याच प्लेगमधून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. रुंद रस्ते, मोकळी हवा, उजेड ही त्याची भाषा. मग पहिलं महायुद्ध संपल्यावर गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी १९२० मध्ये 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' काढलं. बीडीडी ते हेच. बेत मोठा होता, कामगारांसाठी ५०,००० खोल्या! त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबलचक बोळ, खोली साधारण १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक.

कागदावर हिशेब चोख होता. माणशी किती जागा, किती हवा. पण भाडं परवडेना, वरळीहून गिरण्या लांब पडत, आणि त्या काँक्रीटच्या खोल्यांत राहायला लोक तयार होईनात. ५०,००० चा बेत १६,००० च्या थोडा पुढे जाऊन थांबला. त्या रिकाम्या खोल्यांत मग १९३० चे सत्याग्रही आले. तुरुंगासाठी त्यांत फारसं काही बदलावं लागलं नसणार, असं मला कायम वाटत आलंय. दाराला बाहेरून कडी लावली की झालं.

आता भाषेकडे जरा बघा. गिरणगावातला कामगार मुंबईतल्या आपल्या जागेला 'घर' म्हणत नसे. तो म्हणे, "खोलीवर चाललो." घर होतं ते गावाला. रत्नागिरीला, मालवणला, साताऱ्याला, पाटणला. मुंबईत फक्त खोली, आणि तीही पुष्कळदा एकट्याची नाही. एकाच गावचे दहा-बारा बाप्ये एका खोलीत. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा. जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बायांनी कितीतरी पुरुषांना घरचं अन्न दिलं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं ते याच बायांसाठी. मला वाटतं, गिरणगावात 'घर' पहिल्यांदा शिरलं ते खानावळीच्या ताटातून. आपल्या गावच्या हाताचं कालवण जिभेला लागलं की तेवढ्यापुरती खोली विसरायची.

हळूहळू बायका-मुलं मुंबईला आली, आणि मग खोलीला वास आला. हो, वासच म्हणते मी. कोळशाची शेगडी, पुढे रॉकेलचा स्टोव्ह, भाजलेलं कांदा-खोबरं, सुकट, कुळथाची पिठी, संध्याकाळची उदबत्ती. गावाहून कुणी ना कुणी येत राही आणि त्याच्या गाठोड्यात उकडे तांदूळ, आमसुलं, भाजणी असं काहीबाही असे. गाठोडं सोडलं की आधी वास सुटायचा आणि मग खुशाली विचारली जायची.

माझी एक आत्या वरळीच्या चाळीत राहायची. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिच्याकडे जायचो. तिच्या मजल्यावरचा बोळ दिवसाही अंधारा असायचा, पण चुकायची सोय नव्हती. पहिल्या दाराशी तळलेल्या बोंबलांचा वास, पुढे कुणाकडे धूप, मग पंपाच्या स्टोव्हच्या रॉकेलचा भपकारा, आणि मग आत्याकडचा मसाल्याचा. मे महिना म्हणजे वर्षाचा मसाला. लालबागच्या मिरची गल्लीतून मिरच्या आणि खडा मसाला घ्यायचा, भाजायचा, तिथेच डंखावर कुटून घ्यायचा. तो डबा घरात आला की आठवडाभर अख्खी खोली शिंकत असे. आत्याच्या साडीला, उशीला, अगदी आम्हाला ती लिहायची त्या पोस्टकार्डालासुद्धा तो वास येई!

बर्मा-शेलने १९५५ मध्ये मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला, पण चाळीच्या खोल्यांत तो सावकाश पोचला. आत्याकडे गॅस आला तेव्हा ती खूश होती, डोळे चुरचुरायचे थांबले म्हणून. आणि तरी म्हणाली होती, "स्वयंपाक झाला की नाही, तेच कळत नाही आता."

नाकाचं झालं, आता कानाचं. गिरणीचा भोंगा हे गिरणगावाचं घड्याळ होतं. भोंग्यावर मुलं उठत, भोंग्यावर भात चढे. मजल्यावर कुणाचा बाप परत आला हे चपलेच्या आवाजावरून समजे. संध्याकाळी भजनी मंडळाच्या टाळ-मृदंगाचा सराव, शिमग्याच्या आधी नमनाच्या तालमी, आकाशवाणीवरची 'कामगार सभा'. रेडिओ एका खोलीत असला तरी पुरे, बोळभर ऐकू जाई. आज आपण ज्याला गोंगाट म्हणू तो तिथे सोबतीसारखा होता.

म्हणूनच १८ जानेवारी १९८२ चा संप या घरांना फार वेगळ्या तऱ्हेने लागला असणार. अडीच लाखांच्या आसपास कामगार, जवळजवळ सगळ्या कापड गिरण्या बंद. पगार गेला, दागिने गेले, कितीजण गावी परतले, हा इतिहास आपल्याला माहीत आहे. पण भोंगाही गेला. आत्याचे यजमान त्यानंतर कितीतरी वर्षं पहाटे त्याच वेळी जागे व्हायचे आणि नुसते बसून राहायचे. आम्ही विचारलं तर म्हणायचे, "ऐकू येत नाही, म्हणून जाग येते."

आणि तळपाय. गावातली जमीन शेणाने सारवलेली, उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. चाळीत फरशी, कडक. त्यावर उतारा म्हणजे गोधडी. आजीच्या जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर हाताचे टाके. गावी शिवायची आणि मुंबईला धाडायची. पलंगाला जागाच नव्हती, त्यामुळे सगळ्यांचं जमिनीशी नातं होतं. पुरुष बोळात नाहीतर गच्चीवर झोपत, आत बायका-मुलं. त्या फरशीवर गोधडी पडली की ती आपली जागा झाली. तुरुंगातल्या खोलीत आणि या खोलीत एवढाच काय तो फरक, आणि तो केवढा मोठा!

पण हे सगळं गोडगोड करून सांगणं बरं नाही. वासाला दुसरी बाजू असते. जो वास एकाला घर वाटतो तो दुसऱ्याला खपत नाही. कोणाच्या घरी काय शिजतं यावरून माणसं जात ओळखत, अंतर ठेवत. एका चाळीत गाव-गाव आणि जात-जात यांचे कप्पे पडलेले असत. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या याच चाळींत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि ती बरेच दिवस धुमसत राहिली. एका बोळात राहून, एकमेकांच्या फोडणीचा वास घेऊनसुद्धा माणसं शेजारी होतातच असं नाही. आणि तो सामाईक संडास! सकाळी डबा घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना विचारा चाळीच्या आठवणी. आत्याला त्या दिवसांबद्दल काडीचंही प्रेम नव्हतं.

आता त्या जागी टॉवर उभे राहतायत. पुनर्विकासाचं भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झालं आणि १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. १६० फुटांवरून ५०० फुटांवर, आणि संडास घरात. शंभर वर्षं उशिरा का होईना, हे व्हायलाच हवं होतं.

आत्या हे बघायला राहिली नाही. तिच्या मुलाची आणि सुनेची मात्र सामान आवरायची लगबग चालू आहे. फोनवर बोलताना कळलं की मसाल्याचा पत्र्याचा डबा, पितळी पंपाचा स्टोव्ह आणि तीन गोधड्या भंगारवाल्याला द्यायच्या यादीत आहेत. "नव्या फ्लॅटमध्ये शोभत नाहीत," म्हणाली सून. तिचंही बरोबर आहे. चाळीस वर्षं कोंबून राहिल्यावर मोकळी भिंत बघायची हौस असणारच.

तिला मी एवढंच म्हटलं, आणि हे वाचणाऱ्या आपल्या सगळ्या नातेवाइकांनाही सांगते. स्टोव्ह द्या खुशाल, त्याची धास्ती मलाही होती. पण डबा आणि एक तरी गोधडी राहू दे. नव्या जागेत सोफा यायच्या आधी एकदा कांदा-खोबरं भाजा, चिमणी न लावता. दार थोडा वेळ उघडं ठेवा. नवे शेजारी कोण आहेत ते त्यांना वासावरून कळू दे, आणि त्यांचं तुम्हाला. ज्याचा वास कधी चालला नव्हता त्याचाही आता चालवून घ्या. पहिल्या रात्री मुलांना जमिनीवर गोधडीत झोपवा.

सरकारने शंभर वर्षांपूर्वी खोल्या दिल्या आणि आता फ्लॅट दिले. घर मात्र तेव्हाही माणसांनीच केलं होतं. ती सून अजून "फ्लॅटवर जाऊन येते" असं म्हणते. ज्या दिवशी नकळत "घरी जाते" म्हणेल, त्या दिवशी मला फोन कर, असं सांगून ठेवलंय.